फडेप्पा चौगुले, अँटवर्पची मॅरेथॉन आणि खोपोलीचे पाणी

१/
खोपोलीहून घाटाकडे पाहिले की डोंगरउतारावरून खाली येणारे जाडजूड लोखंडी नळ दिसतात. लोणावळ्याच्या धरणांतील पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली कोसळते आणि पायथ्याच्या वीजगृहातील चक्रे फिरवते. १९१५ साली हे वीजगृह सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या येथील विजेवर चालू लागल्या. या कंपनीचे प्रमुख होते सर दोराबजी टाटा. पाच वर्षांनी याच गृहस्थांनी दख्खनच्या अनवाणी धावपटूंना ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी युरोपात पाठवण्यात पुढाकार घेतला. भारताच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनची ही कथा आहे. ती पुणे, बेळगाव आणि बेल्जियमची आहे. आणि तिचे काही धागे आपल्या कर्जत-खालापुरातही सापडतात.

२/
प्रथम अंतराचा अंदाज घेऊ. कर्जत ते खोपोली हा लोहमार्ग सुमारे १५ किलोमीटरचा आहे. कर्जतहून धावत खोपोलीला जायचे, तेथून वळून कर्जतला यायचे आणि न थांबता पुन्हा खोपोलीची वाट धरायची. या तिसऱ्या फेरीत लौजी स्थानकाच्या आसपास पोहोचलो की १९२० च्या ऑलिंपिक मॅरेथॉनइतके अंतर पूर्ण होते. कल्याणच्या बाजूला निघालो तर तेवढ्याच अंतरावर उल्हासनगर लागेल. लोकलने आपण हे अंतर खिडकीशी बसून काढतो. फडेप्पा दारेप्पा चौगुले या बेळगावच्या तरुणाने ते २ तास ५० मिनिटांत पायांनी तोडले.

३/
लांब पल्ला धावणे आपल्याकडे नवे नव्हते. पेशवे दफ्तरातील पत्रांत ‘जासूद’ आणि ‘काशीद’ हे शब्द वारंवार भेटतात. पत्र घेऊन पायी दौडत जाणे हा त्यांचा पोटाचा धंदा होता. मोठ्या कामगिरीवर ते जोडीने जात. एकाला वाटेत काही झाले तर दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, हा त्यामागचा हिशोब. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांपैकी बोरघाट ही एक मुख्य वाट. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत येथे गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वी हा घाट पायांचा, बैलांचा आणि तट्टांचा होता.

४/
ग्रीकांच्या कथेतील फिडिपिडीस हाही मुळात असाच एक जासूद. इ.स.पू. ४९० मध्ये पर्शियाची फौज मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरली. हेरोडोटस सांगतो की अथेन्सने त्याला मदत मागण्यासाठी स्पार्टाला धाडले. हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक होते आणि तो दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. ‘मॅरेथॉनहून अथेन्सला धावत आला, विजयाची वार्ता सांगितली आणि प्राण सोडला’ ही प्रसिद्ध गोष्ट हेरोडोटसमध्ये नाही. ती कित्येक शतकांनंतरच्या लेखकांकडून आपल्यापर्यंत आली. इतिहास वाचताना ही तारीखवार तपासणी करण्याची सवय लावून घ्यावी.

५/
ही उत्तरकालीन दंतकथाच पुढे शर्यत झाली. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून मॅरेथॉन ते अथेन्स अशी सुमारे ४० किलोमीटरची शर्यत ठेवण्यात आली. स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने ती २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. आज सर्वत्र मानले जाणारे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि प्रमाण म्हणून ठरले ते १९२१ साली. त्यामुळे १९२० पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकची मॅरेथॉन वेगवेगळ्या लांबीची असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

६/
आता पुण्यात येऊ. १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. देशी खेळ आणि पाश्चात्त्य क्रीडाप्रकार यांना एकाच मैदानावर आणण्याचा हा प्रयत्न होता. दोराबजी टाटा या संस्थेचे अध्यक्ष होते. केंब्रिजला शिकलेल्या दोराबजींनी तेथील क्रीडाजीवन जवळून पाहिले होते. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांना एक वेगळेच दृश्य दिसले. धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतील होते. पायांत काही नाही, शास्त्रोक्त शिक्षण नाही; तरी त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळ जात होत्या. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण नोंदवली आहे.

७/
त्या पत्रातून दोराबजींचा मूळ विचारही कळतो. त्यांच्या मनात तीन धावपटू मॅरेथॉनसाठी पाठवावेत एवढेच होते. योग्य आहार आणि इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली सराव मिळाला तर ते देशाचे नाव राखतील, असा त्यांचा विश्वास. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य त्यांनी मिळवले. पण ही कल्पना पुण्यात पसरताच तेथील राष्ट्रवादी मंडळींना स्फुरण चढले आणि मॅरेथॉनपुरता मर्यादित असलेला बेत पुऱ्या ऑलिंपिक संघाच्या मागणीपर्यंत गेला. भारताच्या ऑलिंपिक इतिहासाचे बीज असे एका मॅरेथॉनच्या विचारात आहे.

८/
उत्साह अपार होता. माहिती मात्र तुटपुंजी. संघाबरोबर गेलेले डॉ. फैजी यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावण्याची साधारण वेळ किती, असा प्रश्न त्यांनी निवडीच्या बैठकीत विचारला. उत्तर आले, एक ते दोन मिनिटे. येथे प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा आणि त्यांच्या दहाव्या भागांचा असतो, हे कळल्यावर बैठक अवाक झाली. आज आपल्याला या प्रसंगाचे हसू येते. पण जगाशी स्पर्धेचा संबंधच नसलेल्या देशात घड्याळाचे हे माप कोण सांगणार होते?

९/
अखेर संघ ठरला. चार धावपटू आणि दोन मल्ल. धावपटूंत बंगालचे पूर्मा बॅनर्जी, तसेच फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. मल्लांत कुमार नवले आणि रणधीर शिंदे. संघाकडे पाहिले की मराठी मुलखाची आणि त्याच्या सीमाभागाची छाप लगेच जाणवते. सहा जणांचा हा संघ म्हणजे आखाडा आणि शेतबांध यांतून उभी राहिलेली मंडळी होती. त्यांपैकी चौगुले आणि दातार यांच्यावर मॅरेथॉनची जबाबदारी होती.

१०/
१९२० च्या उन्हाळ्याअखेर संघ मुंबईहून बोटीने निघाला. पुणे-मुंबई लोहमार्ग तेव्हाही कर्जतवरूनच जात असे. आजच्यासारखी विजेची इंजिने नव्हती. घाटाचे विद्युतीकरण त्या दशकाच्या अखेरीस झाले. वाफेची इंजिने धापा टाकत चालत आणि खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवण्याचे स्थानक होते; ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झाले. १८५६ ते १८६३ या काळात बांधलेल्या या घाटमार्गात सुमारे पंचवीस किलोमीटरांत साडेपाचशे मीटरची चढाई आहे. एका टप्प्यावर तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी त्यांतील कित्येकांचे बळी घेतले. त्यांची नावे कोणत्याही स्थानकावर लिहिलेली नाहीत.

११/
संघ आधी लंडनला उतरला. तेथे सरावाची सोय करण्यात आली होती. हवामान वेगळे, जेवण वेगळे, धावण्याची जमीन वेगळी. आपल्याकडील धावपटू मातीवर आणि कच्च्या रस्त्यांवर तयार झालेले. येथे आखीव धावमार्ग आणि फरसबंद रस्ते. पहिल्या महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंग्लंडमध्ये महागाई होती आणि संघाजवळचा पैसा मोजका. आज एखादा धावपटू शर्यतीच्या गावी महिनाभर आधी जातो, तेव्हा त्याच्यामागे आहारतज्ज्ञ, वैद्य आणि शिक्षक यांची फौज असते. चौगुले-दातारांच्या मागे मुख्यतः त्यांचे पाय होते.

१२/
त्या काळी मॅरेथॉनचा ‘शास्त्रोक्त सराव’ म्हणजे तरी काय होते? युरोप-अमेरिकेतही या विषयातील ज्ञान बाल्यावस्थेत होते. लांब चालणे, आठवड्यातून दोनतीनदा लांब धावणे आणि धावताना पाणी शक्यतो टाळणे, असा साधारण उपदेश असे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये विजेता थॉमस हिक्स याला त्याच्या साहाय्यकांनी वाटेत स्ट्रिक्नीन हे विष अल्प प्रमाणात, अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग आणि ब्रँडी असे मिश्रण दिले होते. तेव्हा ते ‘टॉनिक’ मानले जाई. तो जिवंत राहिला हे नशीब. म्हणजे पुण्याच्या बैठकीतील अज्ञान थोडे वेगळे असले, तरी अज्ञान जगभरच होते.

१३/
संघ परदेशात असताना मायदेशी काळ झपाट्याने बदलत होता. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी असहकार चळवळीला आरंभ झाला. पुण्याच्या ज्या राष्ट्रवादी वातावरणाने हा संघ उभा राहिला, त्या वातावरणाचा मेरुमणीच गळून पडला होता. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. भारत ब्रिटिश साम्राज्याचा भाग होता, तरी ऑलिंपिकमध्ये त्याचा संघ स्वतंत्र म्हणून उतरला. राजकीय स्वातंत्र्याच्या सत्तावीस वर्षे आधी!

१४/
अँटवर्पचे ऑलिंपिक इतर अर्थांनीही वेगळे होते. महायुद्धाने बेल्जियम उद्ध्वस्त झाला होता आणि त्याच्या सन्मानार्थ हा सोहळा तेथे भरवण्यात आला. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्थान यांना निमंत्रण नव्हते. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज याच वेळी स्पर्धेत प्रथम फडकला आणि खेळाडूंची शपथही येथेच प्रथम घेण्यात आली. आज ज्या गोष्टी आपण अनादिकालापासूनच्या समजतो, त्या चौगुल्यांच्या डोळ्यांसमोर जन्माला आल्या.

१५/
२२ ऑगस्ट १९२०. मॅरेथॉनचा दिवस. हवा गार आणि पावसाळी. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली. ४८ धावपटू निघाले. त्यांत फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन होता. १९१२ मध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि क्रॉसकंट्री या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या होत्या. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्याखाली होते. त्याने धाव जिंकली आणि ध्वज रशियाचा चढला. आठ वर्षांनी त्याचा देश स्वतंत्र झालेला होता.

१६/
कोलेहमाइनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याच्या मागे अवघ्या १२.८ सेकंदांनी एस्टोनियाचा यूरी लॉसमन आला. एस्टोनियाही रशियाच्या जोखडातून नुकताच सुटलेला आणि ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्वतःच्या नावाने उतरलेला. तिसरा इटलीचा व्हॅलेरिओ अर्री. त्याने अंतिम रेषा ओलांडल्यावर आनंदाने मैदानात कोलांट्या मारल्या. पहिले दोघेही साम्राज्यातून नुकत्याच सुटलेल्या देशांचे नागरिक, हा योगायोग पारतंत्र्यातल्या भारतीय संघाने पाहिला असेल, तर त्यांना काय वाटले असेल?

१७/
१३ धावपटूंनी वाटेतच शर्यत सोडली. सदाशिव दातार त्यांत होते. ३५ जणांनी ती पूर्ण केली. फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. पदक नाही, स्वागताच्या कमानी नाहीत. मल्ल रणधीर शिंदे हे पदकाच्या सर्वांत जवळ गेले. कुस्तीत त्यांना चौथे स्थान मिळाले. त्यामुळे ‘भारताचे पहिले ऑलिंपिक संघपथक रिकाम्या हाताने परतले’ या एका वाक्यात पुस्तके हा प्रसंग संपवतात. आपण मात्र जरा थांबून पाटी-पेन्सिल घेऊ.

१८/
२ तास ५० मिनिटे ४५ सेकंद म्हणजे १०,२४५ सेकंद. त्याला ४२.७५ ने भागा. उत्तर येते प्रत्येक किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटे. जो कोणी सकाळी धावायला जातो, त्याने एकच किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहावे; मग तीच गती बेचाळीस वेळा राखण्याची कल्पना करावी. आता त्याआधीच्या ऑलिंपिक विजेत्यांशी तुलना करू. १८९६ चा लुईस: किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे २८ सेकंद. १९०० चा तेआतो: तितकेच. १९०४ चा हिक्स: ५ मिनिटांहून अधिक. १९०८ चा जॉन हेज: सुमारे ४ मिनिटे ९ सेकंद.

१९/
याचा अर्थ असा की पहिल्या चारही ऑलिंपिक मॅरेथॉनच्या सुवर्णविजेत्यांपेक्षा चौगुल्यांची सरासरी गती अधिक होती. हेजने ४२.१९५ किलोमीटरला २ तास ५५ मिनिटे १८ सेकंद घेतले; चौगुल्यांनी त्याहून अर्धा किलोमीटर अधिक धावून साडेचार मिनिटे कमी घेतली. न्यायाची बाजूही मांडू. सेंट लुईस आणि लंडनला कडक ऊन होते, अँटवर्पला गारवा. शिवाय १९१२ चा विजेता मॅकआर्थर किलोमीटरला ३ मिनिटे ५४ सेकंदांनी धावला होता, म्हणजे चौगुल्यांपेक्षा थोडा पुढे. जग वेगाने बदलत होते. तरीही दख्खनच्या एका तरुणाने, पहिल्याच आंतरराष्ट्रीय मोहिमेत, त्या बदलत्या जगापासून फार अंतर पडू दिले नाही.

२०/
एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल पुढील इतिहासावरूनही कळते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महादेव सिंग एकोणतिसावे आले. त्यानंतर कित्येक ऑलिंपिक झाले, देश स्वतंत्र झाला, तरी कोणाही भारतीयाला मॅरेथॉनमध्ये चौगुल्यांच्या पुढचा क्रमांक मिळाला नाही. १९७६ साली मॉन्ट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले तेव्हा तो विक्रम मोडला. मध्ये छप्पन्न वर्षे गेली. शिवनाथही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम कित्येक दशके टिकला.

२१/
आता कर्जत-खालापुरातील दुसरा धागा, जो थोडा कडू आहे. ज्या वर्षी चौगुले अँटवर्पला धावत होते, त्या वर्षी कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे टाटांचे दुसरे वीजगृह उभे राहत होते. ते १९२२ मध्ये सुरू झाले. तिसरी योजना मुळशीची. तेथील धरणाचे पाणी कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे आणून वीज करायची होती. त्यासाठी मावळातील पन्नासच्या आसपास गावांची शेती पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे नेते होते. सत्याग्रह अयशस्वी ठरला आणि धरण झाले.

२२/
एकाच उद्योगसमूहाच्या प्रमुखाने अनवाणी शेतकऱ्यांत ऑलिंपिकचे धावपटू पाहिले आणि त्याच समूहाच्या धरणाखाली शेतकऱ्यांची शेते बुडाली. या दोन गोष्टींत एक खरी आणि दुसरी खोटी, असे नाही. दोराबजींची दृष्टी खरी होती. त्यांनी स्वतःचा पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावली नसती तर १९२० चा संघ गेलाच नसता. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. मुळशीच्या मावळ्यांचे दुःखही तितकेच खरे होते. इतिहास वाचणाऱ्याने दोन्ही खाती एकाच वहीत ठेवावीत. एक पान फाडले की उरलेले पान खोटे बोलू लागते.

२३/
शेतबांधावरून धावमार्गावर येण्याचा हा ओघ आजही चालू आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये त्या धावल्या. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्येच सुरू झाली, हे येथे आठवावे. चौगुले धावले तेव्हा स्त्रियांना हे अंतर झेपेल असे कोणी मानतही नव्हते. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरील मुले-मुली रोज चढ-उताराच्या पायवाटांनी शाळा गाठतात. त्यांच्यातील पायांकडे पाहणारा कोणी दोराबजी आज आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

२४/
आज पहिली मॅरेथॉन धावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून होते आहे. तुमच्यापैकी कोणी तयारीत असेल, तर १९२० साली कोणालाच नीट न उमगलेली गोष्ट तुम्हाला फुकट मिळालेली आहे. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय शिशाचे होतात. म्हणून आरंभी गती आवरायची, वाटेत पाणी आणि थोडे खाणे घ्यायचे, आणि आठवड्याचे अंतर कित्येक महिन्यांत हळूहळू वाढवायचे. कोकणच्या पायथ्याशी दमट हवा असते; घाम वाळत नाही, त्यामुळे पुण्याची वेळ कर्जतला साधत नाही. यात कमीपणा काही नाही.

२५/
आणि क्रमांकाची चिंता करू नये. १९५२ साली एमिल झाटोपेक आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन धावला आणि हेलसिंकीत ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला, हे खरे. पण असा अपवाद क्वचितच घडतो. आपल्या वाट्याला बहुधा चौगुल्यांचा मार्ग येतो: अनोळखी रस्ता, पुढे अठरा जण, मागे सोळा, वाटेत थांबलेले तेरा. पुढच्यांचा हेवा नको आणि थांबलेल्यांना हिणवणेही नको. दातारांनी शर्यत सोडली म्हणून ते इतिहासातून वगळावेत असे होत नाही. सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचणे हेच त्या काळी सहा हजार किलोमीटरहून दूरचे काम होते.

२६/
पुढच्या वेळी कर्जतहून खोपोली लोकलने जाल तेव्हा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्थानके मोजा. ती मोजता मोजता मनातल्या मनात एका तरुणाला खिडकीबाहेर धावताना पाहा. खोपोलीला उतरल्यावर नळांकडे नजर टाका आणि ज्यांच्या शेतांवरून हे पाणी आले त्यांनाही आठवा. बेळगाव ते अँटवर्प ही वाट याच प्रदेशाच्या पैशाने, मातीने आणि वेदनेने घडली आहे.

२७/
हा धागा येथे पूर्ण झाला. तुमच्या गावात जत्रेच्या धावण्याच्या शर्यती होत असतील, आजोबा-पणजोबांनी कोणाला धावताना पाहिल्याची आठवण सांगितली असेल, जुन्या बक्षिसाचा एखादा पेला अडगळीत पडला असेल, तर तो शोधा, त्यावरील अक्षरे वाचा, तारीख टिपा आणि येथे खाली लिहा. दफ्तरात जे नाही ते पुष्कळदा माळ्यावर सापडते. आवडल्यास आपल्या धावणाऱ्या मित्रांपर्यंत अवश्य पोहोचवा.